वाडी पडली, तरी आम्ही येथेच आहोत

श्रीवर्धन,
जून २०२०

चि. मृणाल हीस अनेक आशीर्वाद.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ येथे धडकले, तेव्हापासून तुझा जीव टांगणीला लागला असणार. वीज अजून आलेली नाही, मोबाइलला रेंज नाही आणि टाळेबंदीमुळे तुला मुंबईहून निघता येत नाही. शेजारचे काका म्हसळ्याच्या पुढे गेले, तेव्हा त्यांच्या फोनवर आलेला तुझा निरोप त्यांनी सांगितला: "आईला आणि आजीला घेऊन इकडेच या." त्याचे उत्तर मुंबईला निघालेल्या एका टेम्पोवाल्याजवळ देत आहे.

आम्ही तिघेही सुखरूप आहोत. पडवीचे पत्रे उडून पलीकडच्या वाडीत पडले, निम्मी कौले फुटली आणि माजघरावर सध्या ताडपत्री आहे. पत्रे उडत होते त्या वेळी आजी पिठाचा डबा आणि काड्यापेटी पोटाशी धरून देवघरात बसली होती. त्यामुळे त्या रात्री सगळ्या आळीत आधी आपली चूल पेटली. घराची काळजी करू नकोस. घर महिन्या-दोन महिन्यांत शाकारता येते.

खरे नुकसान वाडीचे, आपल्या नारळी-पोफळीच्या बागेचे आहे. ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यापुढे माड मुळासकट उलथले आणि पोफळी, म्हणजे सुपारीची झाडे, कमरेतून मोडल्या. त्यांच्यावर चढवलेले मिरीचे वेलही त्यांच्याबरोबर गेले. आपल्याच वाडीत नव्हे, दिवेआगरपासून हरिहरेश्वरपर्यंत हीच अवस्था आहे. ज्या गावात भर दुपारी वाडीतून चालताना डोक्यावर ऊन पडत नसे, तेथे आता आपल्या ओटीवरून थेट समुद्र दिसतो. पाहुण्यांना हे दृश्य आवडेल. मला त्याच्याकडे बघवत नाही.

उभ्या राहिलेल्या पोफळी वाचल्या असे तू समजशील, पण तसे नाही. पोफळ एकमेकींच्या आडोशाने वाढते. शेजारची झाडे गेली की पश्चिमेचे ऊन सरळ खोडावर येते, खोड भाजते, आणि वादळातून सुटलेले झाड पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांत मरते. म्हणून पावसाळा संपण्यापूर्वी पश्चिमेच्या बाजूने केळी लावायच्या आहेत. त्यांच्या सावलीत नवी रोपेही धरतील. त्या रोपांना सुपारी लागायला सहा-सात वर्षे जातील. हेक्टरी ५०,००० रुपयांची मदत जाहीर झाली आहे. आपली वाडी वीस गुंठ्यांची, तेव्हा वाट्याला काय येईल याचा हिशेब तूच कर. शिवाय पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरी वेगळीच.

तरीही आम्ही येणार नाही, आणि यात हट्ट कमी, हिशेब जास्त आहे. या चार महिन्यांत जो येथे नसेल, त्याच्या वाडीत पडक्या खोडांवर रान माजेल, आणि पुढच्या वर्षी ती जमीन विकत मागणारा दारात उभा असेल. माझी झोप उडाली आहे ती याच भीतीने. आळीतली निम्मी घरे म्हाताऱ्यांवर चालतात, मुले मुंबई-पुण्याला. सात वर्षे थांबायचे ते कोणासाठी, असे परवा एकाने मला विचारले. मला त्याला उत्तर देता आले नाही, पण मी माझ्यापुरते ठरवले आहे. उरलेल्या चांगल्या झाडांचे श्रीवर्धनी रोठ्याचे, म्हणजे आपल्या येथील सुपारीच्या जातीचे, बी यंदा धरणार आहे आणि येथील सुपारी संशोधन केंद्रात रोपांची चौकशी करणार आहे. वाडी तुझ्या गळ्यात पडेल अशी धास्ती बाळगू नकोस. तो विचार तुझा तू कर, घाई नाही.

पैसे पाठवू नकोस, येथे सध्या पैसे देऊनही कौले मिळत नाहीत. टेम्पोवाला परत यायचा आहे. त्याच्याजवळ एक जाड ताडपत्री, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि बॅटरीचे मोठे सेल पाठव. गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत जोडले आहे, नाव त्यावरून बघ.

तुझे
बाबा