पिण्याच्या पाण्याने हात धुणाऱ्या सांगलीकरास

चि. सांगलीकरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव विचारायचं राहिलं. त्या आठवड्यात चिपळुणात कुणी कुणाचं नाव विचारत नव्हतं. कुठून आलात एवढं विचारायचं आणि हातात घमेलं द्यायचं. तू 'सांगली' म्हणालास, तेच धरून बसले आहे. दर जुलैत लिहायला घेते आणि चार ओळींवर डोळे भरून येतात, म्हणून राहतं. आज रडत का होईना, पुरं करते.

22 जुलै 2021 ला पूर आला आणि वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. दुसऱ्या दिवशी टिळकांची जयंती, आणि त्यांच्या नावाचं आमचं वाचनालय चिखलात बसलेलं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. आम्ही नुसतं लोटिस्मा म्हणतो. संस्था त्या नावाहून जुनी आहे, 1864 सालची. तेव्हा टिळक स्वतः आठ वर्षांचं पोर होते. 2005 च्या पुरानेही असंच धुऊन नेलं होतं. तरी 2013 साली याच संस्थेने 86 वं मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरवलं. कोत्तापल्ले सर अध्यक्ष होते. मी मंडपात बसले होते तेव्हा मनात म्हटलं होतं, आता काही आपल्या पुस्तकांना पाणी लागत नाही. असो.

तू आलास त्याच्या आदल्या दिवशी एक मंडळी येऊन गेली होती. कुठली ते लिहीत नाही. फ्लेक्स आणला होता, तो धरून भिजलेल्या पुस्तकांच्या ढिगापुढे फोटो झाला. एक बाई 'किती हो वाईट' म्हणाल्या आणि लगेच बूट धुवायला पाणी मागितलं. दिलं आम्ही. पाहुणे ना ते! आणि आमचा एक नातेवाईक फोनवर म्हणाला, पुस्तकं काय, नवीन घेता येतील. त्याच्या घरात पंचांगाशिवाय छापलेला कागद नाही.

ढिगात मी काय शोधत होते ते तुला तेव्हा धड सांगता आलं नाही. माझे वडील, आप्पा, शाळेतून आले की चहा घेऊन वाचनालयात जायचे आणि देवघेवीच्या टेबलाशी बसायचे. पगार नाही, मानधन नाही. पुस्तकं चिकटवायची खळसुद्धा आईकडून घरून शिजवून न्यायचे. 1967 साली ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदानं आली, ती हवीतच. पण संध्याकाळी दार उघडून दिवा लावायला आपणहून येणारं माणूस लागतं, ते अनुदानाच्या यादीत कुठे असतं? 1864 पासून असे किती आप्पा तिथे बसून गेले असतील!

आप्पा गेल्यावर आमच्या माडीवर वाचनालयाचं एक पुस्तक निघालं, परत करायचं राहिलेलं. त्या थकबाकीमुळेच ते 2005 च्या पुरातून वाचलं. नंतर वाचनालयासाठी लोक पुस्तकं द्यायला लागले, तेव्हा मी मोठ्या दिमाखात ते नेऊन दिलं. म्हणजे माडीवर सुखरूप असलेली वस्तू मीच 2021 च्या तोंडी दिली. त्या ढिगापाशी मी तासभर का उभी होते, कळलं ना आता?

ते तुझ्या हाती लागलं. बांधणी सुटलेली, कडांना गाळाचा थर. दुसरा कुणीही घमेल्यात टाकून पुढे गेला असता, आणि त्याचं काही चुकलंही नसतं. तू थांबलास. "काकू, आत हातानं लिवलंय कायतरी," म्हणालास. मी पुढे हात केला, तर तू पुस्तक मागे घेतलंस. खांद्यावरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढलीस, अर्धीच होती, आणि त्यातलं पाणी हातावर ओतून आधी हात धुतलेस. नखांतला चिखलसुद्धा काढलास. बाहेरचा सदरा माखलेला, म्हणून आतल्या बनियनला हात पुसलेस. आणि मग पान उघडलंस.

अरे, तेव्हा गावात प्यायच्या पाण्याच्या बाटलीसाठी रांगा होत्या.

आत आप्पांचं अक्षर होतं. शिसपेन्सिलीने लिहिलेलं, म्हणून टिकलं, शाईचं असतं तर पाण्याबरोबर गेलं असतं. "पाने 41 ते 44 गहाळ. मधली हकिगत विचारण्यास सायंकाळी यावे." तू मोठ्यांदा वाचलंस आणि हसलास. मी पण हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

पुढचं सगळं तूच केलंस. मी उन्हाची वाट बघू म्हटलं, तर "ऊन नगं काकू, पानं वाकडी हुत्यात, वारं पायजे." मी वर्तमानपत्र आणलं, तर त्याची शाई उतरेल म्हणून नको. स्वतःच्या वहीची कोरी पानं टराटरा फाडलीस आणि एकेक पानाआड घालत गेलास, दोन दिवसांत बुरशी धरते म्हणून घाईघाईने. हे कुठे शिकलास विचारलं, तर "आमच्याकडं 2019 ला कृष्णामाईनं शिकवलं" एवढंच. तुमच्या घरात किती पाणी होतं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

फोटो काढू का म्हटलं, तर हात चिखलाचे आहेत म्हणालास. तोवर ते परत माखले होते. मग ट्रक सुटला आणि तू मागे चढून गेलास.

पुस्तक माझ्याकडे आहे. वाळून दुप्पट फुगलंय, मिटत नाही, वर पोळपाट ठेवून बघितला. वाचनालयाला द्यायचंय, पण पुन्हा द्यायला हात धजावत नाही. आप्पांची थकबाकी आता माझ्या नावावर. तुझ्या वहीची पानं अजून आत आहेत, एकावर कुठल्याशा दुकानाचा हिशोब आहे, तीनशे चाळीस रुपये येणे. ते मिळाले का रे?

आणि ट्रकमध्ये चढताना तू ओरडून विचारलं होतंस, 41 ते 44 मध्ये काय होतं. गोंगाटात मला उत्तर देता आलं नाही. आप्पांनी मला सांगितलेली ती हकिगत अजून पाठ आहे. चिपळुणात आलास तर कुणालाही वाचनालय विचार, तिथून आमचं घर कुणीही दाखवील. संध्याकाळी ये.

तुझी,
चिपळूणची काकू