माश्या मेल्या, पेट्या शाबूत: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

पीक फुलोऱ्यात असताना दिवसा फवारणी होऊ देणार नाही आणि करावीच लागली तर मधपाळांना आदल्या दिवशी कळवू, असा शब्द आपण भर सभेत दिला होता. गेल्या आठवड्यात सूर्यफूल ऐन फुलात असताना भर दुपारी फवारणी झाली. आम्हाला कुणी एका शब्दाने कळवले नाही. संध्याकाळी मधमाश्यांच्या पेट्यांपुढे माश्यांचा खच पडला होता. काही अजून जिवंत होत्या, सोंड बाहेर आलेली, पाठीवर पडून गरगर फिरत होत्या. कित्येकींच्या मागच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे तसेच होते.

पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी पेट्या मोजल्या. "पेट्या तर शाबूत आहेत," म्हणाले आणि नुकसानीच्या रकान्यात शून्य लिहून गेले. गोठा उभा आहे म्हणून मेलेल्या गाईची नोंद शून्य करतात का हो?

काय मेले ते आता मीच सांगतो. भर हंगामात राणी दिवसाला दीड ते दोन हजार अंडी घालते. तीन दिवसांनी अंड्यातून अळी निघते. दाई माश्या तिला आधी रॉयल जेली, म्हणजे स्वतःच्या ग्रंथींतून पाझरणारे दुधासारखे अन्न, आणि मग पराग-मध भरवतात, पुढे तिचे घर मेणाने बंद करतात. आत कोष होतो आणि मेलिफेरा या पेटीत पाळायच्या युरोपीय जातीची कामकरी माशी २१व्या दिवशी झाकण कुरतडून बाहेर येते. तरी ती लगेच फुलावर जात नाही. घरे साफ करायची, अळ्या सांभाळायच्या, मेण काढून पोळे बांधायचे, दारावर पहारा द्यायचा, हे सगळे उरकून साधारण तीन आठवड्यांनी ती शिवारात उतरते. म्हणजे अंड्यापासून शेतावरच्या माशीपर्यंत सहा आठवडे! तोवर सूर्यफुलाचा फुलोरा कधीच संपलेला असतो. मेलेली माशी त्याच हंगामात भरून निघत नाही, हे आपल्या खात्यात कुणालाच ठाऊक नाही का?

आणि बाहेरच्या माश्या मेल्या की पेटीही बसते. पराग येणे थांबते, कोवळ्या दाई माश्यांना वेळेआधी बाहेर पडावे लागते, अळ्या उपाशी राहतात. त्यांना लागणारी ३४-३५ अंशांची ऊब राखायला माश्याच उरत नाहीत. मी रोज पेट्या उघडतो आणि काळ्या पडलेल्या अळ्या पाहतो. रात्री झोप लागत नाही. पेट्यांवरचे कर्ज फेडायचे आहे, ते वेगळेच.

हे दुःख माझ्या एकट्याचे आहे असे समजू नका. माशी एका खेपेत पन्नास ते शंभर फुले फिरते आणि बहुधा एकाच जातीची. तिच्या केसाळ अंगाला चिकटलेला पराग म्हणूनच योग्य फुलावर पोचतो. भोपळा, काकडी, कलिंगड यांची नर आणि मादी फुले वेगळी, पराग जड आणि चिकट. तो वारा नेत नाही. पराग कमी पडला की फळ वाकडे होते, खुरटते, नाहीतर कळीच गळून पडते. मग शेतकरी बियाण्याला दोष देतो. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांना कमी-अधिक प्रमाणात माश्यांसारख्या परागवाहकांची गरज असते. हे आकडे आपल्या फायलींत नसतील तर चूक कुणाची?

दर २० मे रोजी जागतिक मधमाशी दिनाची भाषणे होतात. औषध विकणाऱ्याला परवाना मिळतो, फवारणाऱ्याला सल्ला मिळतो, माशीला मात्र कुठल्याच कागदात जागा नाही. जे काट्यावर तोलून विकले जाते तेवढेच या व्यवस्थेला दिसते, फळ धरले कसे हे तिला कधी विचारावेसे वाटत नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशक औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. इथे आम्ही बंदीसुद्धा मागत नाही. माश्या घरी परतल्यावर, सूर्यास्तानंतर फवारा आणि आधी कळवा, म्हणजे पेट्या हलवता येतील. एवढेच मागितले होते आणि एवढेच आपण कबूल केले होते.

पंचनामा पुन्हा करा. माश्या मोजता येत नसतील तर पेटीतल्या, पोळे धरणाऱ्या चौकटी मोजा. आधी किती चौकटी माश्यांनी भरलेल्या होत्या आणि आज किती आहेत, हे कोणताही मधपाळ पेटी उघडून दाखवील. फवारणीचा हुकूम कुणी दिला, त्याचे नाव लेखी कळवा. ही नोंद होईपर्यंत मी एकही पेटी उचलणार नाही.

आपला,
एक मधपाळ