वाफ्यांत राबलेल्या हातांचे आभार

शाळेच्या बागेतले वाफे वसंतात पुन्हा उभे राहिले, ते नाव न सांगता येऊन राबून गेलेल्या माणसांमुळे. त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

सर्वांत आधी, रोपं एकदम उन्हात न लावणाऱ्यांचे. आठवडाभर ती रोज बाहेर निघत होती. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग हळूहळू उन्हात. ही पायरी गाळली की पानं पांढुरकी पडून करपतात आणि दोष मात्र मातीला मिळतो! लावणी संध्याकाळी केली, तेही योग्यच.

वाफे 90 सेंटिमीटरच रुंद ठेवणाऱ्यांना खास धन्यवाद. मुलांचा हात मधोमध पोचला नाही, तर पाय वाफ्यात पडतो, माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. पालापाचोळ्याचा थर 5 ते 7 सेंटिमीटर दिलात, पण खोडापासून चार बोटं दूर. खोडाला चिकटला असता तर ते कुजलं असतं.

बागेबरोबरच शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकांची फाटकी पानं चिकटपट्टीऐवजी खळ आणि पातळ कागदाने सांधणाऱ्यांचेही आभार. पट्टी काही वर्षांनी पिवळी पडते.

आता सुट्टीत पाणी घालायला माणसं हवीत. पाळी दोघांची, म्हणजे एकाला जमलं नाही तरी वाफा सुकणार नाही. आधी मातीत दोन पेरं बोट घाला. ओल लागली तर झारी तशीच ठेवा. जास्त पाण्यानेही रोपं मरतात. पाळीचा तक्ता अवजारांच्या खोलीच्या दारावर लावला आहे, त्यात नाव लिहा.