थांबायचं, पण कोणत्या रेषेवर? परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

पावसाळ्याआधी चौकांतल्या थांबरेषा आणि झेब्रा पट्टे नव्याने मारून देऊ, असं आम्हा नागपुरातल्या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांना एका कार्यालयात तोंडभरून सांगितलं गेलं. पट्टे मारले, खोटं कशाला बोला. पण साध्या रंगाने. दोन पावसांत ते नालीत वाहून गेले. सिमेंट रोडवर पट्टा टिकायचा तर आधी प्रायमर, त्यावर थर्मोप्लास्टिकचा, म्हणजे तापवून पातळ केलेल्या प्लास्टिकसारख्या रंगाचा, अडीच मिलिमीटरचा थर, रात्री चमकायला काचेचे बारीक मणी, आणि सिमेंट मुळातच पांढुरकं म्हणून पट्ट्याला काळी कड लागते. हे सांगायला आम्ही कशाला हवे होतो?

आता आम्ही शिकाऊ मुलीला सांगतो, "रेषेच्या आत थांब." ती विचारते, कोणती रेषा? मग समोरच्या ऑटोची पाठ बघून थांबायचं. ऑटोवाला झेब्र्यावर असतो, म्हणून तीही झेब्र्यावर. चलानाला मात्र रेषा लागत नाही.

परीक्षेचं तर विचारूच नका. लर्निंगच्या परीक्षेत साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास, आणि २०२१ पासून ती घरबसल्या देता येते. म्हणजे दहातली चार चिन्हं न ओळखणारा कायदेशीरपणे गाडी शिकायला रस्त्यावर येतो. तीस दिवसांनी पर्मनंटची ट्रायल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १५ सांगतो की उमेदवाराला ओव्हरटेक करता यावं, दुसऱ्या वाहनांची वाट नीट ओलांडता यावी. आम्ही नेतो त्या ट्रायलच्या मैदानावर दुसरं वाहनच नसतं! रिव्हर्स घेतली, आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवली, झालं. ओलांडायचं कोणाला, मैदानातल्या कुत्र्याला?

त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी आठ रस्ता चौकात सोडून बघा. गोल चौकाचा नियम सोपा आहे: आत जो फिरतोय त्याचा हक्क आधी. आरसा बघायचा, दुसऱ्या गिअरवर यायचं, वेग पंधरा-वीस, उजवीकडची फट मिळाली तरच शिरायचं, आणि आपल्या रस्त्याच्या अलीकडचा रस्ता मागे पडला की डावा इंडिकेटर. नवशिका चुकतो तो शेवटच्या पायरीवर. तो इंडिकेटर देतो बाहेर पडताना, तेव्हा डावीकडून घुसलेली स्कूटी त्याच्या दाराशी असते. फट शोधत थांबला तर मागचे हॉर्न वाजवून त्याला आत ढकलतात. बहुतेक वेळा गाडी तिथेच बंद पडते, कारण घाबरून क्लच एकदम सुटतो.

उन्हाळ्यात दुपारी शहरातले काही सिग्नल बंद ठेवतात. उन्हात कोणी तळपत उभं राहू नये, हे योग्यच. पण पूर्ण काळा दिवा आणि लुकलुकणारा पिवळा यांत फरक असतो. पिवळा लुकलुकला तर वेग कमी करून, बघून निघा. दिवाच नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. नागपुरात तिसराच नियम चालतो: ज्याची गाडी मोठी तो आधी.

वर्धा रोडवर सव्वातीन किलोमीटरच्या आतबाहेरचा डबल डेकर पूल उभा राहिला, लांबीचा विक्रमही झाला, अभिनंदन. खाली मात्र खांबांच्या रांगेतून यू-टर्न घेताना नवशिक्याला पलीकडचं काही दिसत नाही. पहिल्या गिअरवर हाफ क्लचने, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, बॉनेट हातभर बाहेर काढायचं, थांबायचं, पुन्हा हातभर. पूल उतरतो तिथे तर भरधाव गाड्या थेट त्याच्या उजव्या आरशात येतात.

आणि हे सगळं आमच्या गाड्यांवर. क्लच प्लेट जळते ती जाममध्ये, पुलाच्या चढावर क्लच अर्धवट दाबून धरल्याने. नियमाने आम्ही डबल कंट्रोल, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक, बसवतो, एकवीस दिवसांत किमान दहा तास प्रत्यक्ष चालवून घेतो, इंधनाचे भाव आम्हीच सोसतो. घरच्या गाडीवर शिकवणाऱ्या काकांच्या पायाखाली ब्रेक नसतो, त्यांना फक्त हँडब्रेक. त्यांच्या गाडीवर कोण बघतं?

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, केंद्राचाच आकडा. दिवसाला साडेचारशेच्या वर. दरवेळी "चालकाचा निष्काळजीपणा" असं लिहिलं की फाईल मिटते. डांबर एकाचं, खांब दुसऱ्याचे, दिवा तिसऱ्याचा, चलान चौथ्याचं. बोट सगळ्यांचं मात्र स्टीअरिंगवरच्या पोराकडे. रस्त्याचा निष्काळजीपणा लिहायला तुमच्या फॉर्ममध्ये रकाना आहे का, साहेब?

तेव्हा पट्टे थर्मोप्लास्टिकचे मारून द्या. दुपारी सिग्नल विझवण्याऐवजी पिवळ्यावर ठेवा. आणि ट्रायलमधली दहा मिनिटं खऱ्या चौकात घ्या, संध्याकाळी सहाला, व्हेरायटी चौकात. परीक्षकांना वेळ नसेल तर डावी सीट आम्ही तुमच्यासाठी रिकामी ठेवतो.

आपले,
नागपुरातले ड्रायव्हिंग शिकवणारे

ता. क. शिकाऊ गाडीवरची 'एल'ची पाटी नियमाप्रमाणे किमान १८ सेंमी चौरस, पांढऱ्यावर लाल, अक्षर किमान १० सेंमी उंच, आणि पुढे-मागे दोन्हीकडे हवी. बाजारात तळहाताएवढे स्टिकर सर्रास मिळतात. तेवढं तरी बंद करा, त्याला टेंडर लागत नाही.