शकुंतलेचा एक तुकडा नॅरोगेजच राहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचे ब्रॉडगेज व्हावे, ही वऱ्हाडातील मागणी रास्त आहे आणि तिला माझा विरोध नाही. दर्यापूरच्या शेतकऱ्याला किंवा कारंज्याच्या विद्यार्थ्याला आठवणी नकोत, वेळेवर पोहोचवणारी गाडी हवी. मात्र या चर्चेत जुना अडीच फुटी मार्ग म्हणजे उखडून विकायचे भंगार, असे जे सर्रास गृहीत धरले जाते, ते मला पटत नाही. अचलपूरच्या बाजूचा पाच-दहा किलोमीटरचा तुकडा दुरुस्त करून वारसा मार्ग म्हणून चालवावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. इंदूरजवळ महू–खंडवा या मीटरगेज मार्गाची सेवा आटोपत आली, तेव्हा रेल्वेने पातालपाणी ते कालाकुंड हा सुमारे साडेनऊ किलोमीटरचा घाट राखून ठेवला आणि २५ डिसेंबर २०१८ रोजी त्यावर हेरिटेज गाडी सुरू केली. मुळात हा मार्ग तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० मध्ये देऊ केलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून उभा राहिला. मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के! मी त्या गाडीने गेलो आहे. चाळीसात एक अशा उतारावर चाकांना ब्रेक लागल्याचा करकराट बोगद्यात घुमतो, आणि कालाकुंडला उतरल्यावर पानावर कलाकंद हातात येतो. धबधब्यासाठी आलेली मंडळी स्टेशनावरच्या चार घरांना रोजगार देऊन जातात.

आपल्याकडे वारसा रेल्वे म्हटली की दार्जिलिंग, उटी, सिमला, फार तर माथेरान. म्हणजे गाडीने डोंगर चढलाच पाहिजे, अशी जणू अट असावी. शकुंतला सपाटीवरून कापूस वाहत होती. किलिक-निक्सन कंपनीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा हा मार्ग रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरही खासगी मालकीचाच राहिला. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत या रुळांवर राबले. त्यानंतर डिझेल आले. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला आणि मँचेस्टरचे इंजिन वऱ्हाडात, हा व्यवहार याहून स्पष्ट दाखवणारी वस्तू मला तरी ठाऊक नाही.

माझे आजोळ अंजनगावचे. फाटक आले की गाडी थांबायची, एक कर्मचारी उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी राहायची आणि तो फाटक उघडून मागून पळत येऊन चढायचा. तिकिटेही कित्येक ठिकाणी गार्डच द्यायचा. आम्हा मुलांना ती गंमत वाटे. थोड्या माणसांत रेल्वे चालवण्याची ती एक पद्धत होती, हे पुढे कळले.

नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय आहे आणि ते चांगले आहे. पण चबुतऱ्यावर रंग देऊन ठेवलेले इंजिन फाटक कसे लावायचे ते दाखवू शकत नाही. वेल्समधील टॅलिलिन हा खाणीचा छोटा मार्ग मालकाच्या मृत्यूनंतर बंद पडण्याच्या बेतात होता, तेव्हा हौशी मंडळींनी तो हाती घेऊन १४ मे १९५१ रोजी गाडी सोडली, आणि तो आजही चालतो. त्यांनीही आरंभी मार्गाच्या एका टोकाचाच भाग उघडला होता.

अचलपूरचे टोक मी सुचवतो, ते चिखलदऱ्याला जाणारा पर्यटक अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्यावरूनच पुढे जातो म्हणून. गाडीसाठी त्याला वाट वाकडी करावी लागणार नाही. मालकीचा तिढा सोडवावा लागेल, तो ब्रॉडगेजसाठीही सोडवावाच लागणार आहे. सातपुड्यातील नॅरोगेजही बंद झाल्याने जुने डबे आणि इंजिने मिळवण्याची वेळ हीच आहे. पुढे ती वितळवली गेलेली असतील. आणि मूर्तिजापूरच्या शेडमध्ये या गाड्यांचे काम केलेले फिटर आता निवृत्त आहेत, त्यांना रूळ उचलण्याच्या निविदेआधी बोलवावे, नंतर नव्हे.

आपला,
एक वाचक, परतवाडा (जि. अमरावती)