मनूला, सिनेमांची यादी

प्रिय मनू,

काल फोनवर म्हणालीस की आई तुझे ऑल टाईम फेवरेट सिनेमे लिहून पाठव, रविवारी रूमवर भिंती बघत बसण्यापेक्षा ते तरी बघीन. मी बरं म्हटलं आणि रात्री पडल्या पडल्या बोटांवर मोजायला लागले तर झोपच उडाली. बाबा म्हणाले पाच नावं लिही आणि पाठवून दे, त्यात काय एवढं. त्यांचं सगळं तसंच. म्हणून आता दुपारी ते घोरतायत तोवर टाईप करायला बसलेय, चष्मा तोच जुना आहे, चुका समजून घे.

आधी एक सांग, अमेयचा फोन रोज येतो ना? काल विचारलं तर हो म्हणालीस आणि लगेच सिनेमावर आलीस. असू दे. सिनेमाचंच बोलू.

'अशी ही बनवाबनवी' पहिला. १९८८ चा. ह्यावर चर्चा नको. गणपतीत पिंटूमामाने व्हीसीआर भाड्याने आणला होता, आख्खी आळी आमच्या अंगणात, आणि लक्ष्या साडी नेसून आला तेव्हा नानी एवढी हसली की कवळी हातात काढून घेतली तिने. पुण्यात जागा मिळेना म्हणून दोघं बायका होतात, गोष्ट एवढीशीच, पण सुधीर जोशींचा घरमालक बघ, आणि अशोक सराफ समोरच्याचं ऐकत असतो ना तेव्हा त्याचा चेहरा बघ, बोलतो तेव्हा सगळेच बघतात. तुझी घरमालकीण बरी आहे म्हणालीस, पण दाराला आतून कडी आहे की नुसतं लॅच ते सांगितलंच नाहीस.

दुसरा 'छोटी सी बात'. बासू चटर्जींचा, अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा. बसस्टॉपवर रोज तिच्या मागे उभा राहतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही, मग खंडाळ्याला अशोक कुमार कर्नलकडे जाऊन धडे घेतो. आमचं लग्न ठरल्यावर तुझे बाबा स्टँडवर यायचे, माझी एसटी सुटेपर्यंत उभे राहायचे आणि काही न बोलता जायचे. मला वाटायचं ह्यांना पण कुणीतरी खंडाळ्याला पाठवा. त्या सिनेमात कुणी वाईट नाही, कुणी मरत नाही, सगळ्यांना वेळच वेळ आहे. बँकेतून दमून आलीस की हा लाव.

'सामना' तुला माहितेय, बाबांनी दहावीच्या सुट्टीत बळंच दाखवला होता. तेव्हा तू अर्ध्यात झोपलीस, आता बघ, आता कळेल. जब्बार पटेलांचा, लिहिलाय तेंडुलकरांनी, बर्लिनच्या महोत्सवात गेला होता म्हणे. निळूभाऊंचा हिंदुराव बघून आमच्याकडची माणसं हसायचीच नाहीत, कारण असा एक कारखान्यावर प्रत्येकाने बघितलेला. आणि समोर डॉ. लागूंचा तो दारुडा मास्तर. मारुती कांबळेचं काय झालं, हे एकच धरून बसलेला. खायला घाला, प्यायला द्या, धमकावा, परत तेच विचारणार. माझं पण तसंच झालंय बघ ह्या महिन्यात. बाबा म्हणाले तू मास्तर झालीयेस, नुसता अमेयच्या फोनचा धोशा लावलाय.

तर येतो ना?

नाही, खरंच पुरे. चौथा लिहिताना मात्र गंमत झाली. गंमत म्हणजे काय, तूच बघ. मी आधी लिहिला 'अर्थ'. मग लिहिला 'मासूम'. मग 'उंबरठा'. लिहून झाल्यावर बघते तर तिन्ही १९८२-८३ चे आणि तिन्हीत नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे. 'अर्थ'मध्ये तो बायकोला सोडून नटीकडे जातो, 'मासूम'मध्ये बाहेरचं मूल घरात येतं, आणि 'उंबरठा' तर तुला माहितीच आहे. त्या दोन वर्षांत सगळ्यांना हेच सुचत होतं की मलाच बाकीचे आठवत नाहीयेत कोण जाणे. 'मासूम' मी खोडला. तू बघू नकोस. म्हणजे बघ, नसीर आणि शबाना दोघंही भारी आहेत, पण आत्ता नको.

'अर्थ' आणि 'उंबरठा' एकाच वर्षातले, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं. एकीकडे स्मिता ती दुसरी बाई, जिच्यासाठी शबानाचा संसार मोडतो, आणि दुसरीकडे स्मिताच ती बायको जिचा नवरा दुसरीकडे गेलाय. दोन्हीकडे तिचं खरं वाटतं. 'अर्थ'मध्ये तिचा राग यायला हवा तर येत नाही, कीवच येते. ३१ व्या वर्षी गेली गं ती, ८६ च्या डिसेंबरात, मूल झाल्यावर दोन आठवड्यांत. रेडिओवर ऐकलं तेव्हा मी चुलीवर भाकरी टाकली होती ती तशीच करपली.

'उंबरठा' मी लग्नाआधी बघितला, शकूमावशीबरोबर, साताऱ्याला, दुपारचा खेळ. सुलभा महाजन. शिकलेली, घरात काही कमी नाही, नवरा वकील, गिरीश कर्नाड, सासू स्वतः समाजसेवा करणारी, जाऊ मुलीला जीव लावणारी. आणि हिला लांब संगमवाडीला महिलाश्रमात अधीक्षक म्हणून नोकरी मिळते आणि ही जाते. लहान मुलगी ठेवून जाते. सुरेश भटांची ती गझल, सुन्या मैफिलीची, लताबाई गातात, ती सुरू झाली की मावशी पदर डोळ्याला लावायची. परत येते तेव्हा नवरा सांगतो की त्याच्या आयुष्यात दुसरी आहे, अगदी शांतपणे सांगतो, वकील ना, आणि मुलगी हिला बिचकते. मग ही पुन्हा निघते.

माझ्या मागच्या रांगेत दोन बायका बसल्या होत्या. दिवे लागले तशी एक म्हणाली, पोरीला टाकून गेली, मग दुसरं काय होणार. मला इतका राग आला की मी वळून बघितलं तिच्याकडे. पुढच्या वर्षी माझी जिल्हा परिषदेची ऑर्डर आली, पाटणच्या पुढची शाळा. आजोबा म्हणाले तिकडे वाघ आहेत. वाघ नव्हते. तुझ्या बाबांकडचे लोक बघून गेले होते एवढंच. ती ऑर्डर अजून लोखंडी कपाटात आहे, पासबुकांच्या खाली.

म्हणून तुझं प्रमोशनचं पत्र आलं, सिलिगुडी, ब्रँच मॅनेजर, तेव्हा जा म्हणणारी पहिली मी होते. आठवतंय ना? तुझ्या सासूबाई गप्प, अमेय बघू म्हणाला, बाबा नकाशा काढून बसले. मी जा म्हटलं. सोसायटीत पेढे वाटले, भाजीवाल्याला पण सांगितलं, त्याने जुडीवर कोथिंबीर जास्त दिली. आजही कुणी म्हणालं ना की पोरगी लहान आहे आणि आई बंगालात, तर मी त्याचे दात पाडीन. पण रात्री दोनला जाग येते तेव्हा ती मागच्या रांगेतली बाई माझ्याच डोक्यात बोलते, आणि तेव्हा मला वळून बघता येत नाही.

अमेय चांगला मुलगा आहे. ईराची वेणी घालतो, मी बघितलंय. तो कर्नाड नाहीये आणि तुझ्या सासूबाईही त्या सिनेमातल्यासारख्या नाहीत, मला माहितेय. तरी सांगते, लांब राहायचं तर काही पथ्यं पाळावी लागतात. रोज ठरलेल्या वेळेला बोलायचं, नुसते मेसेज नाही. भांडण झालं तर त्याच दिवशी मिटवायचं, ह्या अंतरावर भांडण शिळं करायचं नाही. रजा साठवून ठेवू नकोस, दोन दिवस मिळाले तरी ये, तिकिटाचे पैसे मी देईन. सासूबाईंना वेगळा फोन करायचा, अमेयच्या फोनवरून 'जरा आईला दे' असं नाही. घरातल्या बारक्या गोष्टी पण विचारायच्या, गीझर दुरुस्त झाला का, कामवाली आली का, म्हणजे घरात आपली जागा राहते, ती एकदा

बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी. तू अख्खी ब्रँच सांभाळतेस आणि मी तुला गीझर शिकवतेय. पुसणार होते पण बाबा उठलेत, चहा मागतायत, आता राहू दे.

शेवटचा 'श्वास'. २००४ ला तुला घेऊन गेलो होतो, तू नववीत. कोकणातला तो परशुराम, डोळ्यांचा कॅन्सर, ऑपरेशन केलं तर जगेल पण दृष्टी जाणार, आणि अरुण नलावडेंचा आजोबा त्याला ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलातून उचलून शहर दाखवायला नेतो. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ ह्याच्यामुळे मिळालं, ऑस्करला पाठवायचा म्हणून लोकांनी वर्गणी काढली, तू पण गल्ल्यातले दिले होतेस. सगळं थिएटर रडत होतं आणि तू मात्र फणकारलेली, रिक्षात बसल्यावर म्हणालीस, पोराला आधीच खरं सांगायला पाहिजे ना, डोळे त्याचे आहेत. मला तेव्हा तुझं फार कौतुक वाटलं, बोलले नाही.

ईराला तू किती दिवसांसाठी गेलीयेस ते नीट सांगितलंयस ना? मागच्या रविवारी मला विचारत होती, आई दिवाळीला आली होती मग परत का गेली. मी म्हटलं बँक आहे. तिचा खालचा दात हलतोय, अमेयने फोटो पाठवला असेलच.

थंडी वाढली की कानाला बांध. तिकडे पाचलाच अंधार पडतो म्हणतेस, मग ब्रँचमधून एकटी चालत येऊ नकोस. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी कुरियर केलीय.

तुझी,
आई

ता. क. बाबांची लिस्ट वेगळी आहे, सगळी अमिताभची. ते म्हणतायत लिहिणार नाही, फोनवर सांगणार. तेव्हा उद्या रात्री तासभर काढून ठेव. साडेनऊनंतर कर, त्याआधी अमेयशी बोलून घे.