शिक्क्याचा कागद बाजूला ठेवणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही म्हणालात, "लिहायचं तर लिहा, पण माझं नाव घालू नका. उद्या अख्खी सोसायटी माळे काढायला बोलावेल." म्हणून नाव घालत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. आईच्या फ्लॅटमधून जे जे बाहेर गेलं ते पुढे कुठे गेलं, हे आज मी वस्तूगणिक सांगू शकते. घर आवरलेल्या किती जणांना हे सांगता येईल?

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. तुम्ही आमच्या सोसायटीत रोज दारोदार कचरा गोळा करायला येता. आईचं वर्षश्राद्ध झालं आणि आम्ही दोघांनी तिच्या फ्लॅटमध्ये राहायला यायचं ठरवलं. तेव्हा भाद्रपद संपत आला होता. आई मूळची सांगलीची. तिकडे घटस्थापनेच्या आत 'दसरा काढतात', म्हणजे घरातली प्रत्येक गोधडी, चादर, पडदा धुऊन निघतो. तिच्या लहानपणी सगळा बोचका कृष्णेच्या घाटावर जायचा. पुण्यात आल्यावर घाटाची जागा गच्चीने घेतली, पण नेम चुकला नाही. चार महिने पावसाने कोंदटलेलं घर आणि त्यावर उतरणारं भाद्रपदाअखेरचं कडक ऊन, यापेक्षा चांगला मुहूर्त मलाही सुचला नसता. नवं काही आणायचं ते पितृपक्षानंतर, पण जुनं काढायला कोणाची हरकत असणार?

पण माळ्याचं दार उघडलं आणि हातपाय गळाले. श्रीखंडाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, धुऊन वाळवून गठ्ठा बांधलेल्या दुधाच्या पिशव्या, साडीच्या दुकानांची खोकी, लग्नपत्रिकांची एक आख्खी बॅग, आहेरात आलेली आणि आहेरात द्यायची राहिलेली ब्लाउजपिसं. थर्माकोलची गणपतीची दोन मखरं. आणि मागे कोपऱ्यात, चादरीखाली झाकलेल्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगा. 2018 साली बंदी आली तेव्हा पहिल्याच गुन्ह्याला 5,000 रुपये दंड असल्याचं आईने पेपरात वाचलं होतं. पिशव्या टाकायला जाताना कोणी पकडलं तर, या धास्तीने तिने सगळा मुद्देमाल माळ्यावर दडवला. हे ऐकून तुम्ही जिन्यात बसून हसलात, ते हसू माझ्या चांगलं लक्षात आहे.

घराची सफाई करून देणाऱ्या माणसांना मी आधी विचारलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, काय ठेवायचं तेवढं एका खोलीत ठेवा, बाकी आम्ही टेम्पोत भरतो." टेम्पो कुठे जाणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पुण्यात निदान माझ्या पिढीला तरी हा प्रश्न पडायला हवा. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या दारात साचलेल्या पुण्याच्या कचऱ्याच्या डोंगराविरुद्ध किती वर्षं आंदोलनं केली, ते आम्ही रोज सकाळी चहाबरोबर वाचलंय. तेव्हा तुम्हाला विचारलं. रोजची फेरी आटोपून दुपारी येईन, पण घाई करायची नाही, असं बजावून तुम्ही आलात.

तुमची कामाची रीत मी दारात उभी राहून बघत होते. पिशवी उघडण्याआधी तुम्ही ती बाहेरून हाताच्या पाठीने हळूच दाबायचात. बाबांच्या औषधांच्या खोक्याशी तुमचा हात थबकला आणि तुम्ही म्हणालात, "यात सुया आहेत." होत्याच. इन्सुलिनच्या सुया, टोपणं अर्धी गळालेली. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कोणाच्या तरी बोटात शिरायला त्या तिथे तयार होत्या. तुम्ही जाड प्लास्टिकची रिकामी बाटली मागितलीत, चिमट्याने एकेक सुई आत टाकलीत, झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळलीत आणि त्यावर मला मोठ्या अक्षरात 'सुया' असं लिहायला लावलंत. मुदत संपलेल्या गोळ्या, पाऱ्याचा थर्मामीटर, सीएफएलचे दिवे, सेल यांची वेगळी पेटी झाली. घातक कचरा ओल्यासुक्यात मिसळू नये, असं 2016 च्या नियमांत लिहिलेलं होतं. नियम मीही वाचला होता. सुई बाहेरून ओळखता येते, हे मात्र तुमच्याकडूनच कळलं.

खरं तर आपली ओळख त्याच्याही आधीची. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिचे डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला तुम्हीच सांगितलंत, म्हणजे सुका कचरा निवडताना कोणाला ती पुडी उघडावी लागत नाही. आईला त्याची फार लाज वाटायची. तुम्ही दारातून मोठ्याने म्हणालात, "आजी, प्रत्येकाच्या घरात आहे हे." त्यानंतर ती लाल पेन स्वतः उशाशी ठेवू लागली.

प्लास्टिक तुम्ही वाजवून बघत होतात. डबा किंचित वाकवायचा, तडकला तर एका ढिगात, नुसता दबला तर दुसऱ्यात. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, त्यांना भाव असतो. आईने त्या धुऊन ठेवल्या होत्या म्हणून तुम्ही तिला माझ्यासमोर शाबासकी दिलीत. चिप्सच्या आतून चंदेरी पाकिटांना कोणी विचारत नाही. चकचकीत, प्लास्टिक चढवलेल्या लग्नपत्रिकांचीही तीच गत. साध्या कागदावर छापलेल्या जुन्या पत्रिका मात्र रद्दीत चालल्या. एकोणीसशे सत्तर-ऐंशीच्या दशकातली लग्नं कागदाच्या दृष्टीने बरी होती म्हणायची. मखरं बघून तुम्ही नुसती मान हलवलीत. ती अजून गॅलरीत उभी आहेत आणि यंदा गणपतीला मी त्यांतलंच एक वापरणार आहे, कारण दुसरा मार्ग आपल्या दोघींनाही सुचलेला नाही.

आता कागदांविषयी. मी बँकेत आयुष्य काढलं, त्यामुळे कागद निवडण्यात आपल्याला कोणी शिकवू नये असा माझा समज. तुम्ही मजकूर वाचत बसत नाही, नुसता कागद बघता. तुमचा नियम असा: शिक्का, तिकीट किंवा फोटो असलेला कागद रद्दीत जाणार नाही, मग तो कितीही फाटका असो. "शिक्क्याच्या कागदापायी माणसं कचऱ्याच्या गाडीमागं पळत आलेली बघितलीत मी." त्या नियमाने जे वेगळं निघालं त्यात बाबांचं पोस्टाचं पासबुक होतं, एका कंपनीच्या शेअरचं जुनं प्रमाणपत्र होतं आणि दुसऱ्याच एका बँकेतल्या मुदत ठेवीची पावती होती. या पावतीचा पत्ता आईलासुद्धा नसावा.

इथे बँकवालीला बोलू द्या, कारण हे पुष्कळ घरांत सापडेल. दहा वर्षं कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जाते, पण बुडत नाही. वारसाने त्याच बँकेत कागदपत्रं दिली की परत मिळते. कोणत्या बँकेत काय पडून आहे ते शोधायला रिझर्व्ह बँकेने 2023 साली 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलंय. शेअरचं तसंच: सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वळतात, आणि तिथून अर्ज करून परत मागता येतात. वेळ खातं हे काम. बाबांच्या शेअरचं प्रकरण अजून चालू आहे.

आणि त्या नोटा! पैठणीच्या घडीतून जुन्या पाचशेच्या नोटा पडल्या तेव्हा तुमचा चेहरा उजळला आणि मग आपल्या दोघींच्याही एकदम लक्षात आलं. 2016 च्या नोव्हेंबरात रांगेत उभं राहून आईचे पैसे मीच बदलून आणले होते. हे तिने मला सांगितलेलं नव्हतं. 2017 च्या कायद्याने अशा नोटा दहापेक्षा जास्त बाळगणं गुन्हा आहे. या दहाच्या आत होत्या, म्हणून फोटोच्या चौकटीमागे ठेवल्यात. दोन हजारांची गुलाबी नोट निघाली तिची गोष्ट निराळी. ती व्यवहारातून मागे घेतली असली तरी पोस्टाने रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयाला पाठवली की खात्यात जमा होते. तशी झाली.

पितळेची भांडी बाहेर आली तेव्हा मला सगळी मोडीत द्यायची होती. तुम्ही एकेक घागर, एकेक डबा उजेडाकडे धरून कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवलात. "हे कोण?" असं विचारत गेलात आणि मी सांगत गेले: ही बाबांची आत्या, हे आईचं लग्न, हे माझं बारसं. एका तांब्यावरचं नाव मला ओळखू आलं नाही. तो तुम्ही देवघराकडे सरकवलात. दोन पातेल्यांना कल्हई करून घेतली, ती आता रोजच्या वापरात आहेत. बाकीची रविवार पेठेत मोडीच्या भावाने गेली. तुम्ही बरोबर आलात म्हणून वजनावर कोणाचा तरी डोळा होता. काट्याच्या खाली हात घालून बघणारी बाई त्या दुकानदाराने बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी.

पैशांबद्दल एक गोष्ट लिहिते, रागावू नका. घरटी महिन्याला जे पैसे मिळतात त्यावर तुमचं भागत नाही. सुका कचरा निवडून विकलात की जे येतं ते तुमचं. आणि आम्ही काय करतो? वर्तमानपत्रं, पुठ्ठे, बाटल्या, म्हणजे ज्याला भाव आहे ते, रद्दीवाल्याला देतो आणि तुमच्या बादलीत भिजका टिश्यू आणि चिप्सची पाकिटं टाकतो. वर "कचरा नीट घेत नाहीत" अशी तक्रार. इतक्या वर्षांत हा हिशेब माझ्या सोसायटीच्या एकाही सभेत कोणी मांडलेला मी ऐकला नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून हेच सांगत आली. तुमची 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था, तिचा महापालिकेशी 2008 साली करार झाला. तरीही दारावर येणाऱ्या बाईला पाणी विचारायचं की नाही यावर आमच्या जिन्यात अजून दोन पक्ष आहेत. तुम्हाला मी सगळी रद्दी घ्या म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "तुमचा रद्दीवाला वीस वर्षांपासूनचा आहे, त्याचं त्याला द्या. पुठ्ठा आणि पांढरा कागद मी नेते." ही वाटणी मला जमली नसती.

कपड्यांचं तुलनेने सोपं गेलं. चांगल्या साड्या नात्यात वाटल्या, सुती जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायला दिल्या आणि उरलेल्यांवर बोहारणीने घासाघीस करून एक स्टीलचा डबा दिला. घर रिकामं करताना आणखी एक डबा घरात आला, यावर तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. जुना टीव्ही, टेपरेकॉर्डर आणि वायरींचं गुंतवळ 'व्ही-कलेक्ट'च्या, म्हणजे 'स्वच्छ'च्या जुन्या वस्तू गोळा करण्याच्या दिवशी गेलं. तारिख तुम्हीच कळवली होतीत. वायरी जाळून तांबं काढणाऱ्यांच्या हाती ते पडू नये, हा तुमचा आग्रह होता. वस्तीत तो धूर कसा घशात बसतो ते तुम्ही एकाच वाक्यात सांगितलंत आणि विषय बदललात.

मग खरी सफाई. ती आधी विचारलेल्या त्या सफाईच्या माणसांनीच केली, एका दिवसात, आणि छान केली. एग्झॉस्ट फॅनवरचा तेलाचा चिकटा गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून मी आधीच सोडवला होता. मोरीच्या फरश्यांवर त्यांच्यातला एक मुलगा आधी ॲसिड आणि त्यावर लगेच ब्लीचिंग ओतायला निघाला, तेव्हा त्याला अडवलं. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत जीव गुदमरतो. घरोघरी दिवाळीच्या तोंडावर हा प्रयोग चालतो, म्हणून मुद्दाम लिहिते. रिकाम्या कपाटांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवलाय. भिंतींना रंग दिला. माळ्यावर आता गणपतीचं एक खोकं आणि दोन गाद्या, एवढंच.

घट बसले त्या दिवशी आम्ही इथे राहायला आलो. तुम्ही सकाळच्या फेरीला आलात, चपला काढून आत आलात, खोल्या फिरून बघितल्यात आणि म्हणालात, "आता आवाज घुमतो." मग बादली मागितलीत. त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहिले, फेरी अर्धी व्हायची होती आणि तुम्हाला उशीर होत होता.

ते आज मानते. मनापासून आभार, ताई.

एक काम राहिलंय. आईचा मिक्सर तुम्ही भंगारात न टाकता बाजूला काढून ठेवायला सांगितला होतात. तो दुरुस्त होऊन आलाय. फक्त कपलर गेला होता. मोठं भांडं नीट बसतं, चटणीच्या भांड्याचं पातं थोडं बोथट आहे, ते नवीन घेऊन ठेवते. तुमच्या मुलीची सुट्टी कोणत्या वारी असते ते सांगा, म्हणजे रिक्षाने पाठवते. जिन्यातून खांद्यावर नेऊ नका.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची